रामटेके बाबूंनी काढलेली माणसं

त्या दिवशी भाऊसाहेब गावात आले. शाळेच्या पटांगणात मांडव होता. सुखदेवच्या बायकोला वाघाने मारलं होतं. त्याबद्दलच्या सरकारी मदतीचा धनादेश भाऊसाहेबांनी सुखदेवच्या हातात दिला. फोटो निघाले. भाऊसाहेबांनी भाषण केलं. भाषण संपवताना ते म्हणाले, "अशा कार्यक्रमांना मला पुन्हा पुन्हा बोलवत जा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुखदेवनेही वाजवल्या. मांडवाच्या टोकाला रामटेके बाबू बसले होते. त्यांनी ते वाक्य लिहून घेतलं.

बाबू आता नाहीत. हे वाक्य लिहायचं मी बरेच दिवस टाळलं. लिहून झाल्यावरही ते दुसऱ्याच कुणाबद्दल लिहिल्यासारखं वाटतं. मी चंद्रपूरच्या एका लहान दैनिकात मजकूर तपासण्याचं काम करते. बाबू आम्हाला व्यंगचित्रं द्यायचे आणि ती माझ्या टेबलावर यायची. आमचा संबंध एवढाच. तो पुरेसा होता की नाही, तेही मला नीट सांगता येणार नाही.

ते नोकरीने चित्रकार नव्हते. सरकारी कचेरीत लघुलेखक होते. नेत्यांच्या सभांना जायचं, भाषण लघुलिपीत उतरवायचं आणि संध्याकाळपर्यंत त्याची बातमी करून वर्तमानपत्रांकडे पाठवायची, हे त्यांनी निवृत्तीपर्यंत केलं. उतरवून घेणं सोपं, बातमी करणं कठीण, असं ते म्हणायचे. कारण बोललेलं जसंच्या तसं पाठवलं तर बोलणाऱ्याला काही होत नसे, पाठवणाऱ्याची बदली होई.

एक किस्सा ते नेहमी सांगत. एक बडे पाहुणे दुपारी कोरपन्याला सभा करून संध्याकाळी नागभीडला आले. कोरपन्याकडे कापूस, नागभीडकडे धान. पाहुण्यांच्या खिशात भाषण एकच होतं. चारही बाजूंनी धानाच्या बांध्या, त्यांत गुडघ्याएवढं पाणी, आणि पाहुणे हात उंचावून सांगत होते की तुमच्या कापसाच्या बोंडाबोंडाला मी भाव मिळवून देईन. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. बाबूंनी बातमीत लिहिलं, "शेतमालाला योग्य भाव देण्याचं आश्वासन."

"त्याले धान दिसलं नाई, मले कापूस आयकू आला नाई," बाबू म्हणायचे. "अशी माही नोकरी होती, बाई."

निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिलं चित्र काढलं ते याच सभेचं. पाहुणे चिखलात रुतलेले, धानाच्या लोंब्यांतून कापूस वेचतायत आणि मागे एक म्हातारी पदर पसरून उभी आहे. ते चित्र घेऊन ते आमच्या कचेरीत आले. "जयभीम" म्हणून दारातच थांबले. हाताची खुर्ची पुढे केली तर त्यावर बसले नाहीत. कोपऱ्यातला स्टूल स्वतः ओढून घेतला. पुढे कायम त्याच स्टुलावर बसले. इतकी वर्षं दुरुस्त करून दिलं, आता जसंच्या तसं देतो, असं ते संपादकांना म्हणाले. संपादक हसले. बाबू हसले नाहीत.

त्यांचा कागद म्हणजे लग्नपत्रिकेची कोरी बाजू. पत्रिकेचा कागद जाड असतो आणि शाई फुटत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे चित्र उजेडात धरलं की नेत्याच्या पोटातून कुण्या चिरंजीवाचं आणि कुण्या सौभाग्यकांक्षिणीचं नाव दिसे. चित्राखाली सही म्हणून लघुलिपीतली एक रेघ. वाचकांना तो पक्षी वाटायचा. एकाने पत्र पाठवून कोणता पक्षी म्हणून विचारलंही होतं.

तंबाखू, सुपारी आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळहातावर घोटतात, तो आमच्याकडचा खर्रा. बाबूंनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून खर्रा सोडला, पण घोटणं सोडलं नाही. पन्नीत बडीशेप भरून घोटत बसायचे. चित्र सुचेपर्यंत घोटायचे. सुचलं की ती बडीशेप न खाता खिशात ठेवून द्यायचे. कधी कधी कचेरीभर बडीशेपेचा वास यायचा आणि सगळ्यांना कळायचं की आज बाबूंना काही सुचत नाही.

त्यांचे नियम होते. फोनवर फिरणारी क्लिप पाहून ते चित्र काढत नसत. स्वतः सभेला जाऊन, स्वतःच्या कानाने ऐकलेलंच वाक्य घ्यायचे. आणि जिभेच्या चुकीला ते हात लावत नसत. कुणी शब्दाला अडखळला, कुणी गावाकडचं बोलला, कुणाचं पुस्तकी मराठी घसरलं, तर ते कागद बाजूला सारत.

"जीभ आहे, घसरते," ते म्हणत. "मन घसरलं का मंग सांगा."

एका गावच्या नव्या सरपंचबाईंचं पहिलंच भाषण होतं. कागदावर कंसात लिहिलेलं "इथं थांबावं, टाळ्या होतील" हेसुद्धा त्यांनी घाबरून मोठ्याने वाचून टाकलं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी संपादक बाबूंची वाटच पाहत होते.

"बाबू, सोनं लागलं हाती. काढा."

"काय काढू? ते बोलत होती काय? वाचून राह्यली होती बिचारी. कागद कोणं लिवला?"

"तिच्या नवऱ्यानं लिहिला असेल. त्यानं काय फरक पडतो?"

"त्यानंच पडते ना, साहेब."

त्यांनी चित्र काढलं. सरपंचबाईंच्या हातात भिंतीएवढा कागद, आणि त्या कागदाच्या मागे सावलीत खुर्ची टाकून नवरा भजी खातोय. पुढे त्या बाई बाबूंना बाजारात भेटल्या. त्यांनी चित्राबद्दल काही विचारलं नाही. "मी आता कागद घेत नाई," एवढंच सांगितलं आणि पुढे गेल्या. बाबूंनी ही गोष्ट मला सांगितली तेव्हा त्यांच्या आवाजात जो आनंद होता, तो मी फार वेळा ऐकला नाही.

भाऊसाहेबांची मात्र गोष्ट वेगळी. भाऊसाहेब म्हणजे आमच्या भागातले नेते. माणूस वाईट नव्हता. माईक हातात आला की त्यांना आपण कुठे उभे आहोत याचा विसर पडायचा. एका तलावाचा गाळ काढला, तिथे ते म्हणाले, "या तलावात पाणी नाही, माझा घाम आहे." बाबूंनी नाक दाबून काठावर चढणारे मासे काढले. चित्र छापून आलं आणि दोन दिवसांनी भाऊसाहेबांचा माणूस कचेरीत हजर. मूळ चित्र पाहिजे होतं. काचेत बसवून बैठकीत लावायचं होतं.

बाबूंनी दिलं. मग आठवडाभर बडीशेप घोटत बसले.

"द्यायचं नव्हतं तर नाही म्हणायचं," मी म्हटलं.

"नाई कसं म्हणू? तो माणूस खूश होता. भाऊसाहेब पोट धरून हासले म्हणे." मग म्हणाले, "जो पाहून खूश झाला, त्याले मी काय काढलं मंग, बाई?"

त्यांना प्रश्न पडायचे ते असे, आणि ते सोबत घेऊनच ते घरी जायचे.

आता त्या धनादेशाच्या चित्राकडे येते.

पार्बताबाई पहाटे मोहफुलं वेचायला गेली होती. नागभीडच्या पलीकडचं गाव, घराच्या मागेच जंगल सुरू होतं. तिचा नवरा सुखदेव गावच्या तलावावर मासे धरतो. मदतीच्या कार्यक्रमात फोटोसाठी पुठ्ठ्याचा दाराएवढा धनादेश आणला होता. बाबूंच्या चित्रात तो इतका मोठा झाला होता की सुखदेवचे फक्त डोळे वर दिसत होते आणि दोन्ही बाजूंनी टाळी वाजवू पाहणारे हात. भाऊसाहेब माईकसमोर, पोट पुढे, हात पसरलेले. मागच्या पडद्याआडून वाघ डोकावतोय. केस विंचरलेले, खांद्यावर सत्काराची शाल, पंजात नारळ. खाली भाऊसाहेबांचं तेच वाक्य, एकही शब्द इकडचा तिकडे न करता.

मी ते पाहून हसले. संपादकांनी ते पहिल्या पानावर घेतलं.

ते चित्र इतकं चालेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. भाऊसाहेबांनी दुसऱ्या दिवशी खेद व्यक्त केला. विरोधकांनी चित्राचे मोठे फ्लेक्स करून गावोगावच्या बसथांब्यावर लावले. मग कुणीतरी नुसता शालवाला वाघ कापून घेतला आणि त्याचं स्टिकर केलं. "पुन्हा बोलवा" असं खाली लिहिलेलं. लोक ते लग्नाच्या जेवणानंतर पाठवू लागले, वाढदिवसाला पाठवू लागले. माझ्या बहिणीने नाशिकहून मला ते पाठवलं. हे आमच्याकडचं चित्र आहे, हे तिला माहीत नव्हतं.

आणि एका दुपारी सुखदेव कचेरीत आला.

सडपातळ माणूस, धुतलेला सदरा, हातात कापडी पिशवी. नागभीडहून सकाळच्या गाडीने आला होता. बाबू नेहमीच्या स्टुलावर होते.

"ते वाघाचं चित्र काढणारे भाऊ कोण हायेत?" त्याने दारातून विचारलं.

बाबू उठून उभे राहिले. "मी."

"बसा ना, बसा. भांडाले नाई आलो." त्याने पिशवी टेबलावर ठेवली. "झिंगे हायेत सुकवलेले. आमच्या तलावातले."

बाबू बसले नाहीत. संपादकांनी चहा सांगितला. सुखदेवने खिशातून वर्तमानपत्राची घडी काढली आणि माझ्या टेबलावर उलगडली.

"बेस काढलं. भाऊसाहेबाचं पोट बराबर आलं. मले बी बराबर काढलं. बजारात लोक वळखते आता, चेकवाला म्हणते. पयले कोणी वळखत नव्हतं."

"माफ करजो, भाऊ," बाबू म्हणाले.

"नाई नाई, तसं नाई. एक इचारायचं होतं फक्त." त्याने चित्रावर बोट ठेवलं. "भाऊसाहेब आला. मी आलो. वाघ बी आला. पार्बता काऊन नाई आली?"

बाबूंनी चित्राकडे पाहिलं. मग म्हणाले, "ते... ते त्या कार्यक्रमात नव्हती ना, भाऊ."

"वाघ होता काय?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. संपादक फोन कानाला लावून बाहेर गेले. फोन वाजलेला मी तरी ऐकला नाही. चहा आला, तो तसाच राहिला.

"तिचं एक काढून द्या," सुखदेव म्हणाला. "लहान असन तरी चालते. घरी फोटो नाई. कार्डावरचा हाय, त्याच्यात ते चोरावाणी दिसते."

"देतो," बाबू लगेच म्हणाले. चित्राला कधी त्यांनी इतक्या लवकर होकार दिला नव्हता.

पण चित्र होईना. कार्डावरच्या फोटोवरून त्यांनी एक काढलं, दुसरं काढलं. गाडीने नागभीड आणि तिथून बस करून ते गावी जाऊन आले. पुन्हा गेले. दर वेळी सुखदेव चित्र दोन्ही हातांत धरून आदराने पाहायचा आणि म्हणायचा, "बाई बेस हाय. पण पार्बता नोय."

मी ती चित्रं पाहिली आहेत. कॅलेंडरवरच्या देवीसारखी बाई होती. सरळ नाक, शांत डोळे, डोक्यावर पदर. बाबूंच्या हातून असं चित्र निघू शकतं याचंच मला आश्चर्य वाटलं. बाबूंना त्याची लाज वाटत होती.

"माणूस वळखू येते ते त्याच्या खोडीनं," ते मला म्हणाले. "नाक, पोट, चालणं, भांडणं. चांगुलपणा सगळ्याईचा सारखाच दिसते. अन् तो मले नुसता चांगुलपणा सांगून राह्यला. कधी रागवे काय म्हटलं, तं नाई. आळशी होती काय, तं नाई. आता मी काय काढू?"

पुढच्या खेपेला त्यांनी मला सोबत नेलं. बाईमाणूस असलं तर काही वेगळं बोलेल, अशी त्यांची आशा होती. माझा काही उपयोग झाला नाही. सुखदेव अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. त्याने आम्हाला खाट दिली, पाणी दिलं. बाबू समोर बसून पन्नी घोटू लागले.

मग बाबू सहज बोलल्यासारखं म्हणाले, "जंगलात एकटी गेली म्हणजे भोळीच असन बिचारी. समज कमी असन."

मी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. जन्मभर दुसऱ्यांची नको ती वाक्यं टिपणारा माणूस, आणि मेलेल्या बाईच्या अंगणात बसून हे वाक्य बोलत होता. बाबूंनी मान वर केली नाही.

सुखदेवचे हात थांबले. "भोळी? कोणं सांगतलं?"

"मले वाटलं."

"भोळी!" त्याने जाळं बाजूला टाकलं. "भोळी असती तं माहं आयकलं असतं! आयकेच नाई कोणाचं. बजारात मासे मी धरलेले, पण भाव ते ठरवे. गिऱ्हाईक घासाघीस कराले लागलं का मासा उचलून टोपल्यात परत टाके, जाय म्हणे दुसरीकडं. रस्त्यानं कधी माह्या मांगं चालली नाई, समोरच. जंगलातला गार्ड सरपणाले अडवे, तं त्याच्याच डोक्यावर मोळी देऊन नाक्यापर्यंत आणला होता एक डाव. अन् मले मौनीबाबा म्हणे. सगळ्या गावासमोर. ए मौनीबाबा!"

बाबूंनी पन्नी खाली ठेवली आणि पेन्सिल काढली.

"अन् गाये," सुखदेव म्हणाला. "मोहावर गेली का मोठ्यानं गाये. वाघाले आयकू गेलं पायजे म्हणे, म्हणजे तो दूर राह्यते. गळा कसा होता म्हणून सांगू तुमाले! वाघ काय, झाडावरचे वांदरं पळाले पायजे असा. मी म्हणो, बंद कर. तं आणखी मोठ्यानं."

तो हसत होता. बाबूंची पेन्सिल चालत होती. मग सुखदेव हसायचा थांबला.

"त्या दिवशी गायली नाई," तो म्हणाला. "घसा बसला होता तिचा. आदल्या दिवशी माह्यासंगं भांडली होती. जाळ्यावरून. मी बोललो, मंग ते बोलली, गजब बोलली. सकाळी आवाजच निघेना. तशीच गेली."

पेन्सिल थांबली. दूर तलावावर पाणकोंबड्या ओरडत होत्या. मला उठून जावंसं वाटत होतं, आणि उठता येत नव्हतं. एवढ्या खेपांत त्याने बायकोची एकही खोड का सांगितली नाही, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाबूंच्या ते आधीच लक्षात आलं होतं की त्यांनाही तेव्हाच कळलं, हे मी कधी विचारलं नाही.

बाबू म्हणाले, "गातानी मान कोणीकडं करे?"

सुखदेवने डोळे पुसले. मान वर करून, डावीकडे वळवून दाखवली. "अशी. अन् शिरा फुगे गळ्याच्या."

"पदर?"

"कमरेले खोचलेला. डोक्यावर कधीच नाई."

चित्र तिथेच झालं. शाई बाबूंनी घरी जाऊन लावली आणि पुढच्या खेपेला आम्ही दोघांनी ते नेऊन दिलं. डोक्यावर टोपली, पदर कमरेला, मान वळवलेली, तोंड टोपलीच्याच मापाचं उघडलेलं. गळ्याच्या शिरा दोरासारख्या. झाडांची पानं गळतायत आणि एका माकडाने दोन्ही कान झाकून घेतले आहेत. सगळं वाढवून काढलेलं. मी पार्बताबाईला कधी पाहिलं नव्हतं, तरी मला वाटलं की रस्त्यात दिसली असती तर ओळखली असती.

सुखदेवने चित्र हातात घेतलं आणि पाहतच राहिला.

"हेच," तो म्हणाला. "हे मलेच शिव्या देऊन राह्यली." मग म्हणाला, "वाघ नाई काढला?"

"नाई," बाबू म्हणाले. "ह्या कार्यक्रमाले त्याले नाई बोलावलं."

सुखदेव मोठ्याने हसला. बाबूही हसले. मी खाटेवर दोघांच्या मध्ये बसले होते आणि मला हसावं की काय करावं ते समजत नव्हतं.

संपादकांना हे चित्र छापायचं होतं. बाबूंनी दाखवलंसुद्धा नाही. ते सुखदेवचं आहे म्हणाले. आणि त्यानंतर त्यांनी आमच्यासाठी चित्र काढलं नाही.

सभांना ते जात राहिले. मांडवाच्या टोकाला बसायचे, लिहून घ्यायचे. कचेरीत येऊन मला वाक्यं वाचून दाखवायचे, आणि एकाहून एक चांगली वाक्यं असायची. वाचक फोन करून विचारायचे, बाबूंचं चित्र का नाही? मी बाबूंना विचारायची तर दर वेळी उत्तर वेगळं. डोळे दुखतात. शाई संपली. एकदा म्हणाले, "आयकू येते, पण चित्र दिसून नाई राह्यलं. वाक्य आयकलं का मी पाहतो, इथी कोण नाई? अन् जो नाई, तोच दिसते."

भाऊसाहेब मात्र सुधारले. ते लिहून आणलेलंच वाचू लागले. कुठे दुःखाचा कार्यक्रम, कुठे आनंदाचा, त्याचा कागद वेगळा. बाबू एका सभेहून परत आले आणि वही मिटून म्हणाले, "आता तो चुकत नाई. पण काय सांगून गेला, तेही आठवत नाई. पयले निदान समजे तरी, हा कुठी हाय ते."

मी या सगळ्याचा बराच विचार केला आहे आणि मला अजून उलगडा झालेला नाही. ते चित्र चुकीचं होतं असं मला म्हणता येत नाही. भाऊसाहेब ते वाक्य बोलले होते. बाबूंनी काढलं नसतं तर दुसऱ्या दिवशीच्या बातमीत "भाऊसाहेबांनी कुटुंबाचं सांत्वन केलं" एवढंच आलं असतं, आणि ते खोटं ठरलं असतं. मग चित्रात पार्बताबाईला घ्यायला हवं होतं का? मी मनातल्या मनात तिला त्या मांडवात उभी करून पाहते. ती तिथे आली की कुणाला हसता येत नाही. आणि कुणी हसलं नाही तर ते वाक्य कुणाच्या लक्षात राहिलं असतं? मी बाबूंना हे सगळं एकदा बोलून दाखवलं.

"मले बी नाई समजून राह्यलं, बाई," ते म्हणाले. "समजलं तं सांगतो."

ते सांगायच्या आत गेले. झोपेतच हृदय बंद पडलं. विहारात त्रिशरण-पंचशील झालं. मग आमच्याच कचेरीने शोकसभा ठेवली. भाऊसाहेब आले. त्यांनी खिशातून कागद काढला आणि बाबूंबद्दल बोलले. एकही चूक केली नाही. सुखदेव गावाहून आला होता, भिंतीला टेकून उभा होता. सभा संपल्यावर तो माझ्याजवळ आला.

"बाबूचं चित्र हाय काय कोणाकडं? कोणं काढलेलं?"

मी म्हटलं, नाही. त्यांच्या कार्डावरचा फोटो आहे, तोच समोर हार घालून ठेवला होता.

"त्यात ते साहेब दिसते," सुखदेव म्हणाला. "खोड सांगा ना त्यायची एखादी."

मी त्याला स्टुलाचं सांगितलं, लग्नपत्रिकांचं सांगितलं. तो मान डोलावत ऐकत होता. मग त्याची गाडीची वेळ झाली.

मी बाबूंना शेवटचं पाहिलं ते बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर. सकाळची वेळ होती, मी भद्रावतीच्या बसला निघाले होते. बाबू कप हातात घेऊन उभे होते. शेजारचा एक माणूस फोनवर काहीतरी पाहून हसत होता. त्याने आधी मित्राला दाखवलं, मग ओळख नसताना बाबूंच्याही समोर धरलं. तो शालवाला वाघ होता.

"पाह्यलं काय, काका? पुन्हा बोलवा!"

बाबूंनी चष्मा वर सरकवला आणि फोन हातात घेऊन नीट पाहिलं. दुसऱ्या कुणाचं चित्र पाहावं तसं. "कान मोठे झाले वाघाचे," ते म्हणाले. त्या माणसाला ते गमतीचं वाटलं, तो आणखी हसला. बाबूही हसले. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही आणि आताही लागत नाही. मी हाक मारणार होते, तेवढ्यात माझी बस लागली.

वाघ अजून लोकांच्या फोनमध्ये आहे. पार्बताबाईचं चित्र सुखदेवच्या घरात, दारातून शिरताच समोर दिसेल असं लावलेलं आहे. बाबूंचं चित्र कुणी काढलेलं नाही.